वडीलधाऱ्यांचा टीव्ही: संच-निवडीचा एक इतिहास
मुंबई दूरदर्शन केंद्र २ ऑक्टोबर १९७२ रोजी सुरू झाले आणि पुढच्याच वर्षी सिंहगडावरील प्रक्षेपकामुळे त्याचे कार्यक्रम पुण्यातही दिसू लागले; तेव्हापासून निदान दोन दशके मराठी मध्यमवर्गीय घरात टीव्ही कोणता घ्यायचा हे सहसा घरातील कर्ता माणूसच ठरवीत असे. संच महाग होता, तो बाळगण्यासाठी टपाल कार्यालयातून परवाना काढावा लागे, आणि एवढी मोठी खरेदी पुन्हा लवकर करण्याचा प्रश्नच नसे. आज हा क्रम उलटला आहे. नोकरीनिमित्त दूर राहणारी मुले आई-वडिलांसाठी किंवा आजीसाठी संच निवडतात आणि पुष्कळदा तो परस्पर घरपोच पाठवतात. हा केवळ कुटुंबव्यवस्थेतील बदल मानला जातो. परंतु टीव्हीच्या यंत्रातच जे फेरफार झाले, त्यांचाही यात मोठा वाटा आहे.

जुना संच चित्रनलिकेवर चालत असे. चित्रनलिका म्हणजे निर्वात केलेली, मागे निमुळती होत जाणारी काचेची नळी. तिच्यातील इलेक्ट्रॉनांचा झोत पडद्याच्या आतील लेपावर आदळून चित्र उमटे. नळीला खोली लागे म्हणून पेटी खोल, आणि पेटी खोल म्हणून तिच्यात ध्वनिवर्धकाला, म्हणजे स्पीकरला, ऐसपैस जागा मिळे. लाकडी शटरच्या त्या कृष्णधवल संचांत पडद्याच्या शेजारी जाळीमागे स्पीकर बसवलेला असे आणि त्याचा आवाज सरळ पाहणाऱ्याच्या दिशेने येई. त्याच बाजूला वाहिनी बदलण्याची खटक्याची गोल कळ असे. छपरावरचा अँटेना वाऱ्याने फिरला की चित्राला मुंग्या येत, हा त्रास खरा. पण संच वापरण्यासाठी कळ फिरवण्यापलीकडे काही शिकावे लागत नसे. १९८२च्या आशियाई खेळांच्या वर्षी रंगीत प्रक्षेपण आले, औरंगाबादजवळ चितेगावला व्हिडिओकॉनचा कारखाना उभा राहिला, रिमोट आला, केबल आली. तरी पेटीचा मूळ घाट फारसा बदलला नाही.

चपट्या पडद्याने तो बदलला. एलसीडी संचात मागून येणारा प्रकाश द्रव-स्फटिकांच्या पातळ थरातून कमी-अधिक प्रमाणात सोडला जातो, त्यामुळे नळीची आणि तिच्याबरोबर खोल पेटीची गरज संपली. एकविसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात भारतात श्रीमंती समजला जाणारा हा संच पुढच्या दशकात सर्रास झाला. पडद्याभोवतीची चौकट जसजशी अरुंद होत गेली, तसतसा स्पीकर समोरून निघून खालच्या कडेला किंवा पाठीमागे गेला, आणि आवाज भिंतीवर किंवा टेबलावर आपटून मग ऐकणाऱ्याकडे येऊ लागला. वय वाढते तशी ऐकण्याची शक्ती प्रथम उच्च कंप्रतेच्या, म्हणजे चिरक्या पट्टीतल्या, ध्वनींबाबत क्षीण होते. आणि ‘स’, ‘श’, ‘फ’ यांसारख्या व्यंजनांची ओळख नेमकी याच ध्वनींवर अवलंबून असते. म्हणूनच ‘ऐकू येते, पण कळत नाही’ ही ज्येष्ठांची तक्रार आवाज वाढवून सुटत नाही, कारण त्याबरोबर मालिकेतील पार्श्वसंगीतही तितकेच वाढते. दुकानात पडद्याचे रंग आणि तपशील पाहून किंमत ठरते, मात्र बहुतेक वृद्धांना खरी गरज असते ती पडद्याखाली ठेवायच्या, समोर तोंड असलेल्या साउंडबारची.

आकाराच्या बाबतीतही एक फसगत होत आली आहे. जुना पडदा ४:३ या प्रमाणाचा, जवळजवळ चौरस होता. नवा १६:९ या प्रमाणाचा, पसरट आहे. कर्णावर २० इंच दृश्य भाग असलेल्या जुन्या पडद्याची उंची १२ इंच भरे, आणि तेवढीच उंची मिळण्यासाठी नवा पडदा साधारण साडेचोवीस इंचांचा लागतो. म्हणजे ३२ इंचांचा संच ऐकायला दीडपटीहून मोठा वाटला, तरी उंचीत फक्त पावणेचार इंचांची भर पडते, आणि बातम्यांच्या पट्टीतील अक्षरे वाचू पाहणाऱ्या मोतीबिंदूच्या डोळ्यांना ती पुरतेच असे नाही. तरीही ३२ इंची संचाचे आकर्षण टिकण्यास करव्यवस्थेनेही हातभार लावला असावा: जानेवारी २०१९पासून त्या आकारापर्यंत वस्तू व सेवा कर १८ टक्के झाला, तर मोठ्या संचांवर तो सप्टेंबर २०२५पर्यंत २८ टक्केच राहिला.

तिसरा बदल कळीचा. ऑक्टोबर २०१२ अखेर मुंबईत केबलचे अंकीकरण झाले आणि सेट-टॉप बॉक्स अनिवार्य झाला. टीव्हीचा रिमोट आणि बॉक्सचा रिमोट असे दोन रिमोट घरात नांदू लागले. एकाने आवाज, दुसऱ्याने वाहिनी, आणि चुकून ‘सोर्स’चे बटण दाबले गेले की ‘सिग्नल नाही’ अशी पाटी झळकणारा निळा पडदा. स्मार्ट टीव्हीने त्यात ॲपच्या चौकटींचे मुखपृष्ठ घातले, आणि सह्याद्री वाहिनीपर्यंत पोहोचण्यासाठी पूर्वी एक खटका पुरत असे तिथे आता तीन-चार पायऱ्या झाल्या. विशेष म्हणजे यावरचा उपाय पुष्कळ संचांच्या सेटिंगमध्येच असतो, तो म्हणजे चालू करताच थेट बॉक्सचे चित्र दाखवण्याची सोय. पण ती नेमून देण्याचे काम बसवायला आलेला माणूस क्वचितच करतो, आणि मग पुढच्या सुट्टीत मुलगा किंवा नात घरी येऊन ती सोय चालू करते व रिमोटवरच्या नको त्या बटणांवर चिकटपट्टी लावते.