दांडा झिजावा कीं बुश?

रत्नागिरीच्या दक्षिणेस मुचकुंदी नदी जेथें समुद्राला मिळते, तेथें एका टेकडीवर पूर्णगडाचा लहानसा किल्ला आहे. तटावर उभें राहिलें म्हणजे एका अंगास समुद्र, दुसऱ्या अंगास खाडी आणि खाडीपलीकडे गावखडीचें सुरूचें बन दिसतें. किल्ल्यांच्या कथा आपण पुष्कळ ऐकल्या आहेत. आज मी सांगणार आहें ती गोष्ट किल्ल्याची नाहीं. खाडींत नांगरलेल्या होड्यांच्या पोटांतली आहे. ती वस्तु म्हणजे वीतभर लांबीची एक नळी. पाण्याखालीं असल्यामुळें ती सहसा कोणाच्या दृष्टीस पडत नाहीं. पण तिच्यावांचून इंजिनाची होडी खाडीबाहेर जाऊं शकणार नाहीं.

शिडाच्या गलबताला ही अडचण नव्हती. वारा शिडांत भरे आणि पाण्याखालचें अंग एकसंध राही. इंजिन आलें आणि होडीच्या मागच्या बाजूस भोंक पाडावें लागलें. त्या भोंकांतून पोलादी दांडा बाहेर जातो व त्याच्या टोकास पंखा असतो. दांडा ज्या नळींत फिरतो ती नळी म्हणजे बुश. दांड्याचें व पंख्याचें ओझें तिच्यावर. वंगण घालावें तर तें पाण्यानें धुवून जाणार. आणि पाणीहि स्वच्छ नव्हे, नदीच्या मुखाशीं असतें तसें रेती व गाळ मिसळलेलें. दोन पदार्थ एकमेकांवर घासले कीं झीज ठरलेलीच. प्रश्न एवढाच कीं, ती कोणाच्या वांट्यास यावी? दांडा झिजला तर मोठा खर्च. बुश झिजला तर जुना ठोकून काढून नवा बसवितां येतो. म्हणून बुश असा हवा कीं, त्यानें स्वतः सावकाश झिजावें आणि दांड्याला मुळींच ओरखडूं नये. ही साधीशी मागणी पुरी करण्यासाठीं माणूस जवळजवळ पावणेदोनशें वर्षें खपतो आहे.

घर्षणाच्या शास्त्राचाहि गोदीशीं जुना संबंध आहे. लिओनार्दो द व्हिंचीनें पंधराव्या शतकाच्या अखेरीस आपल्या वह्यांत घर्षणाचे कांहीं नियम टिपले होते, पण ते वह्यांतच राहिले. १६९९ सालीं आमाँताँ यानें पॅरिसच्या विज्ञानसभेपुढें ते नव्यानें मांडले. घर्षण दाबाच्या प्रमाणांत वाढतें आणि स्पर्शाचें क्षेत्र लहान कीं मोठें यावर तें अवलंबून नसतें, हें त्यांचें सार. पुढें कूलाँ या लष्करी इंजिनियरनें रोशफोरच्या आरमारी गोदींत लाकूड व धातु एकमेकांवर ओढून, कधीं कोरडे तर कधीं चरबी लावून, पुष्कळ प्रयोग केले व १७८१ सालीं त्याबद्दल पारितोषिक मिळविलें. मात्र या सर्वांनीं मोजला तो ओढण्यास लागणारा जोर. ओढतांना पदार्थाचा चुरा किती पडतो, हा हिशेब निराळा. तो टाळतां येत नाहीं हें जहाजाच्या पंख्यानें दाखवून दिलें.

१८४० च्या सुमारास पंख्याचीं जहाजें समुद्रावर दिसूं लागलीं. त्यांचे बुश पितळेचे असत. धातूवर धातु आणि मध्यें खारें पाणी! बुश लवकर खाल्ला जाई, दांडा हिंदकळूं लागे आणि जहाजांत पाणी शिरे. इंग्लंडांतील यंत्रकार जॉन पेन यानें १८५४ सालीं यावर जो उपाय पेटंट केला, तो ऐकून प्रथम हंसूंच येतें. त्यानें पितळेच्या जागीं लाकूड बसविलें! लिग्नम व्हायटी या नांवाचें हें लाकूड वेस्ट इंडीजकडील ग्वायकम वृक्षाचें. तें इतकें जड कीं पाण्यांत बुडावें. आणि वजनाच्या सुमारें तिसऱ्या हिश्श्याइतकी राळ त्याच्या अंगांतच मुरलेली. पाणी हेंच त्याचें वंगण झालें. त्याच्या पट्ट्या दांड्याभोंवतीं बसवीत. खालच्या अंगास, जेथें भार येई तेथें, लाकडाचे धागे दांड्याला आडवे न येतां टोंकानें भिडतील अशा रीतीनें लावीत. शंभर वर्षें मोठमोठीं जहाजें या लाकडावर चाललीं. १९५४ सालीं पाण्यांत उतरलेल्या नॉटिलस या पहिल्या अणुशक्तीच्या पाणबुडीनेंहि दांड्याखालीं हेंच लाकूड घेतलें होतें.

आतां लाकूड म्हणजे तरी काय? सेल्युलोजचे चिवट धागे आणि त्यांना जखडून ठेवणारें लिग्निन. ज्याला आपण तंतुमिश्रित प्लास्टिक, किंवा बोलण्यांत नुसतें 'फायबर' म्हणतों, त्याची घडण याच जातीची आहे. तंतूंनीं भार घ्यावा आणि राळेनें तंतूंना धरून ठेवावें. पेननें निसर्गाचें फायबर उचललें. पुढच्या पिढ्यांनीं तें कारखान्यांत बनविलें, एवढाच फरक.

अमेरिकेंत स्थायिक झालेला बेल्जियन रसायनज्ञ बेकलंड यानें १९०७ सालीं फिनॉल व फॉर्मल्डिहाइड यांपासून बेकेलाइट बनविलें. नुसतें बेकेलाइट ठिसूळ. परंतु सुती कापडाचे थर त्या राळेंत भिजवून, तापवून व दाबून एकजीव केले, तेव्हां त्याला लाकडाचा चिवटपणा आला. १९३० नंतर पोलाद लाटणाऱ्या कारखान्यांत प्रचंड रूळ असल्या कापडी बेअरिंगांवर, पाण्याच्या धारेखालीं फिरूं लागले. ज्या सुताचीं आपण धोतरें नेसतों, त्याच सुतावर पोलाद फिरावें, ही मोठी मौज आहे. जहाजांतहि हीं बेअरिंगें गेलीं. कांहीं बेअरिंगांत कापसाऐवजीं ॲस्बेस्टॉसचे तंतु घातले. तीं टिकाऊ ठरलीं, पण त्या तंतूंची धूळ फुप्फुसांत जाऊन कर्करोग होतो हें सिद्ध झालें आणि तीं मागें पडलीं. मग कांच, कार्बन आणि अरॅमिड हे तंतु पुढें आले.

असें प्लास्टिक पोलादावर घासतें तेव्हां एक चमत्कारिक गोष्ट घडते. प्रथम प्लास्टिकाचा अति पातळ लेप पोलादावर चढतो, आणि तो टिकला तर पुढें प्लास्टिक पोलादावर न घासतां आपल्याच लेपावर घसरतें. झीज मंदावते ती यामुळें. पोलाद खडबडीत असेल तर तें कानशीसारखें प्लास्टिक खरवडीत राहतें. तें आरशासारखें गुळगुळीत केलें म्हणजे सर्व साधलें असेंहि नाहीं. कांहीं प्लास्टिकांचा लेप मग धरतच नाहीं. टेफ्लॉनचेंच उदाहरण घ्या. १९३८ सालीं प्लंकेट या रसायनज्ञाला तें अकस्मात् सांपडलें. त्याच्याइतके निसरडे घन पदार्थ थोडेच. तरी शुद्ध टेफ्लॉन झपाट्यानें झिजतें. त्यांत कांचेचे तंतु मिसळले कीं झीज शंभर पटींनीं, कधीं त्याहूनहि अधिक उतरते. परंतु कांच साध्या पोलादाहून कठीण. तंतूंचीं तुटकीं टोंकें उघडीं पडलीं म्हणजे तीं दांड्यावर रेघा ओढूं लागतात, आणि आपण नको म्हटलें होतें नेमकें तेंच घडतें. कार्बनचे तंतु सामान्यतः सौम्य, अरॅमिडचे त्याहून मऊ. पण ते महाग. शिवाय प्लास्टिक उष्णता वाहून नेण्यांत पोलादाच्या शतांशाइतकेंहि चपळ नाहीं. पाण्याची धार खंडली तर घर्षणाची सारी आंच तेथेंच कोंडते, बुश फुगतो आणि दांड्याला आवळून धरतो.

प्रयोगशाळेंत हें सर्व मोजतां येतें. १९५३ सालीं आर्चर्ड यानें झिजेचा हिशेबहि सूत्रांत बसविला. भार आणि घासलेलें अंतर यांच्या प्रमाणांत झीज वाढते, असें तें सूत्र सांगतें. खाडीचें पाणी मात्र सूत्र वाचीत नाहीं. रेतीचा कण बुशांत रुतला कीं मऊ बुशाची सहाण होते आणि ती दांडा घासूं लागते. म्हणून बुशाच्या आंत लांबट खांचा ठेवतात. कण त्यांत ढकलला जाऊन पाण्याबरोबर वाहून जावा, ही युक्ति.

या हिशेबांत एक रकम मात्र बरेच दिवस कोणी मांडली नाहीं. झिजलेला चुरा जातो कोठें? लाकडाचा चुरा पाण्यांत कुजून जाई. राळेचा आणि कांचेचा कुजत नाहीं; तो खाडींतच राहतो. जाळीं, दोर आणि फायबरच्या होड्यांचीं कवचें यांच्या मानानें बुशाचा वांटा अल्प असेल, पण ज्या पाण्यांत मासा वाढतो त्याच पाण्यांत तो पडतो, आणि मला तरी ही गोष्ट दांड्याच्या खर्चाहून लहान वाटत नाहीं.

पावसाळ्यांत मासेमारी बंद असते. होड्या किनाऱ्यावर ओढून घेतल्या म्हणजे मिस्तरी पंखा दोन्ही हातांनीं धरून वरखालीं हलवून पाहतो. खेळ वाढला असेल तर बुश काढावयाचा. मग बुशाच्या जागीं दांड्यावर उमटलेला चकचकीत पट्टा पुसून तो त्यावरून अंगठ्याचें नख फिरवितो. नख कोठें अडकलें नाहीं, तर दांडा तसाच ठेवून नवा बुश बसवितात.