मोटारगाडीतील पुनराभिसरण झडप

वातानुकूलित मोटारगाडीतील पंख्याकडे बाहेरची हवा जाऊ द्यावयाची की आतलीच हवा पुन्हा फिरवावयाची, हे ठरविणारी फिरती पट्टी. ही झडप लहान व रचनेने साधी असली, तरी गाडीतील गारवा, श्वसनास मिळणारी हवा आणि पुढच्या काचेतून दिसणारा रस्ता या तिन्ही गोष्टी तिच्यावर अवलंबून असतात. तिच्यातील दोष मात्र पुष्कळदा दुसऱ्याच भागाचा समजला जातो. ती हलविणारी यंत्रणा कशी बदलत गेली हे पाहिले म्हणजे दोष शोधण्याची रीतही का बदलली ते कळते.

इतिहास : मोटारीत हवा तापविणे आणि थंड करणे यांचा विकास प्रथम वेगवेगळ्या मार्गांनी झाला. अमेरिकेतील नॅश कंपनीने १९३८ च्या गाड्यांत बाहेरची ताजी हवा गाळून व तापवून आत सोडणारी यंत्रणा आणली. पॅकार्ड कंपनीने १९४० च्या गाड्यांसाठी २७४ डॉलर जादा किंमतीत शीतन यंत्रणा देऊ केली. तिचा हवा थंड करणारा भाग सामानाच्या कप्प्याजवळ, मागे होता व त्यातून मुख्यत्वे गाडीतलीच हवा फिरविली जाई. संपीडक एंजिनापासून सोडविण्याची सोय नसल्याने हिवाळ्यात त्याचा पट्टाच काढून ठेवावा लागे. नॅश कंपनीने १९५४ मध्ये तापन, वायुवीजन व शीतन यांचा एकत्रित संच गाडीच्या पुढील भागात बसविला. ताजी हवा घेणारी आणि आतली हवा फिरविणारी अशा दोन्ही रचना एका पेटीत आल्यावर त्यांच्यात निवड करणाऱ्या झडपेला महत्त्व आले. कॅडिलॅक गाड्यांत १९६४ मध्ये स्वयंचलित तापमान नियंत्रण आले. पुढे अशा गाड्यांत ही निवडही हळूहळू यंत्रणेकडे गेली.

कार्य : कडक उन्हात ४०° से. तापमानाची बाहेरची हवा सतत थंड करण्यापेक्षा आधीच २५° से. पर्यंत उतरलेली आतली हवा पुन्हा थंड करणे सोपे असते. गर्दीच्या रस्त्यावर धूर व धूळ बाहेर ठेवण्यासही पुनराभिसरण उपयोगी पडते. परंतु याला मर्यादा आहे. विश्रांत अवस्थेतील प्रौढ माणूस ताशी सु. १८ ते २० लि. कार्बन डाय-ऑक्साइड उच्छ्‌वासावाटे सोडतो. ३ घ. मी. हवेच्या पूर्णपणे बंद जागेत चार माणसे बसली, तर केवळ १० मिनिटांत या वायूचे प्रमाण सु. ०.४ टक्क्याने वाढेल. बाहेरच्या हवेत ते सु. ०.०४ टक्के असते. प्रत्यक्ष गाडीत फटींतून थोडी हवा येत असल्याने वाढ कमी होते, तरीही लांबच्या प्रवासात झडप सतत बंद ठेवणे इष्ट नसते. शिवाय उच्छ्‌वासातील बाष्प काचेवर साचते. काचेवरील हिम व धुके घालविण्याच्या सोयीसंबंधीचे संघीय सुरक्षा मानक क्र. १०३ अमेरिकेत १९६८ मध्ये लागू झाले. काचेकडे झोत वळविताच ताजी हवा आपोआप सुरू होण्याची योजना अनेक गाड्यांत असते. ती दोष समजू नये.

दोषशोधन : झडप ताज्या हवेच्या बाजूस अडकली, तर उन्हात गारवा अपुरा पडतो व बाहेरचा धूर आत येतो. अशा वेळी प्रशीतक कमी झाले असे मानून ते भरले जाते, खर्च होतो आणि दोष तसाच राहतो. जास्त भरलेल्या प्रशीतकाने शीतन उलट बिघडते. झडप पुनराभिसरणाच्या बाजूस अडकली, तर हवा कोंदट होते व पावसात काच आतून धुरकटते. कोकणासारख्या दमट प्रदेशात थंड झोताने गार झालेल्या काचेवर बाहेरून दव धरते. ते पुसणीने निघते व त्याचा झडपेच्या दोषाशी संबंध नसतो.

पहिली परीक्षा उपकरणांवाचून होते. पंखा पूर्ण वेगाने चालवून पुनराभिसरण सुरू केले असता आवाज स्पष्टपणे वाढला पाहिजे. डॅशबोर्डाखालील आतल्या हवेच्या तोंडाशी धरलेला कागदाचा कपटा आत ओढला गेला पाहिजे. दोन्ही गोष्टी घडल्या नाहीत, तर झडप हलत नाही असे समजावे.

झडप का हलत नाही, हे तिच्या चालक यंत्रणेवरून ठरते. जुन्या गाड्यांत ती तारेने ओढली जाई. तेथे तार तुटणे किंवा निसटणे हाच मुख्य दोष असे. पुढे अनेक गाड्यांत एंजिनातील अंशतः निर्वातावर चालणारा पडदा वापरला गेला. चढावर एंजिनावर भार पडताच निर्वात घटतो. त्याच वेळी झोताची दिशा बदलू लागली, तर रबरी नळीतील गळती किंवा एकदिशा झडपेतील बिघाड संभवतो. त्यानंतर लहान विद्युत् चलित्रे आली. डॅशबोर्डामागून येणारी टकटक हे प्लॅस्टिकचे दाते झिजल्याचे किंवा झडप अडल्याचे लक्षण असते. विद्युत् घट काढून पुन्हा जोडल्यावर काही गाड्यांत नियंत्रकाला झडपेच्या दोन्ही टोकांची स्थिती नव्याने ठरवून द्यावी लागते.

अलीकडील गाड्यांत नियंत्रक दोषसंकेत नोंदवितो. मात्र संवेदक बहुधा चलित्राच्या दांड्याची स्थिती मोजतो, झडपेची नव्हे. झडपेची खुंटी तुटली, तर चलित्र योग्य ठिकाणी थांबते, दोषसंकेत उमटत नाही आणि झडप जागच्या जागी राहते. कडेचा स्पंज झिजणे, पाने अडकणे किंवा उंदरांनी घरटे करणे हे दोषही संकेतांतून कळतीलच असे नाही. यामुळे नियंत्रक निर्दोष ठरला, तरी झडप डोळ्यांनी हलताना पाहिल्यावाचून आणि हवा कोठून येते याची खात्री केल्यावाचून तपासणी पूर्ण होत नाही.