वज्राचे पदक आणि हमीदची जीप

परमवीरचक्र हे ब्राँझचे पदक आकाराने जेमतेम साडेतीन सेंटिमीटर. मधोमध राजमुद्रा, तिच्याभोवती इंद्राची चार वज्रे. रेखाटन सावित्रीबाई खानोलकरांचे. जन्माने युरोपीय, लग्नाने मराठी घरातल्या. दधीची ऋषींनी ज्या शस्त्रासाठी आपली हाडे दिली ते वज्र. १९६६ च्या प्रजासत्ताक दिनी राष्ट्रपती राधाकृष्णन यांनी हे पदक रसूलनबीबींच्या हाती दिले. त्यांचे शौहर अब्दुल हमीद तेव्हा हयात नव्हते.

हमीद गाझीपूर जिल्ह्यातल्या धामूपूरचे, दर्जी घराण्यातले. ४ ग्रेनेडियर्स पलटणीत ते कंपनी क्वार्टरमास्टर हवालदार होते. म्हणजे कागदोपत्री काम सामानसुमानाचे. पण रणगाडाविरोधी रिकॉइललेस तोफेवर त्यांचा हात बसलेला होता. १० सप्टेंबर १९६५ रोजी सकाळी खेमकरण भागात पाकिस्तानचे पॅटन रणगाडे पुढच्या ठाण्यांत घुसले. हमीद जीपवरची तोफ घेऊन बगलेला गेले.

ही तोफ डागली की मागे आगीचा झोत आणि धूळ उडते. शत्रूला ठिकाण लगेच कळते. शिवाय जीपला चिलखत नसते. म्हणून एक गोळा टाकायचा आणि जागा बदलायची. हमीदनी पहिला रणगाडा फोडला, जागा बदलली, दुसरा फोडला. तोवर शत्रूने त्यांना हेरले होते. तरीही ते मागे फिरले नाहीत. आणखी एका रणगाड्यावर मारा करत असतानाच गोळा लागून ते शहीद झाले. एकूण किती रणगाडे फोडले, याचे आकडे वेगवेगळे सांगितले जातात. त्या आकड्यांनी शौर्य कमीजास्त होत नाही.

आपल्या जलशांत हमीदांचे नाव हमखास निघते, आणि बहुतेकदा वफादारीचा दाखला म्हणून. कोणी बोट दाखवले की आपण त्यांना पुढे करतो. मला हे खटकते. त्यांना पदक मिळाले ते मुसलमान असूनही लढले म्हणून नव्हे. उघड्या जीपमधून रणगाड्यांसमोर टिकून राहिले म्हणून. दाखला मागणाऱ्याने मागावा. आपण हमीदना त्याच्या टेबलावर ठेवू नये. आपल्या मुलांना त्या सकाळची हकिगत मात्र पुरती सांगावी: तोफ कशी चालते, जागा का बदलावी लागते, आणि जागा हेरली गेल्यावरही एक माणूस तिथेच कसा थांबला.