बिनवर्गणीचा वर्गणीदार

आमच्या तालुक्याच्या गावी एक सार्वजनिक वाचनालय होते. दोन खोल्या, चार कपाटे आणि दाराबाहेर भिंतीला टेकून ठेवलेला एक काळा फळा. दुपारचे टपाल आले की ग्रंथपाल त्या फळ्यावर खडूने लिहीत : 'आज आलेली पुस्तके व मासिके'. खाली तारीख, पुस्तकाचे नाव आणि लेखकाचे नाव. शाळा सुटल्यावर आम्ही मुले सायकलवरून न उतरता, एक पाय जमिनीला टेकवून, तो फळा वाचीत असू. आपल्या कामाचे काही असेल तर आत जायचे, नसेल तर पुढे निघायचे. ग्रंथपालांना आमचे नाव विचारावे लागत नसे, आणि 'काही नवीन आले का हो?' असे विचारून आम्हालाही त्यांचे डोके खावे लागत नसे.

या फळ्याची आठवण मला दोन वर्षांपूर्वी फार तीव्रतेने झाली. तिला कारण घडले ते असे.

माझे एक निवृत्त शिक्षकमित्र आहेत. जात्यावरच्या ओव्या गोळा करण्याचा त्यांना नाद. इंटरनेटवर त्यांनी स्वतःची लहानशी वेबसाइट काढली आहे आणि तीवर ते चार-सहा महिन्यांतून एखादा लेख लिहितात. आरंभी मी रोज जाऊन पाहत असे. रोज तोच जुना लेख! हळूहळू माझे जाणे कमी झाले. पुढे पाच महिन्यांनी सहज डोकावलो, तो नवा लेख आलेला. त्यात त्यांनी एका ओवीमालिकेचा अर्धाच भाग दिला होता आणि पुढचा कुणास येत असल्यास कळवावा, अशी विनंती केली होती. त्या ओव्या माझ्या आत्याला तोंडपाठ होत्या. लहानपणी पहाटे अंथरुणात पडल्या पडल्या मी त्या ऐकल्या आहेत. पण मी तो लेख वाचला, तेव्हा आत्याला जाऊन दोन महिने झाले होते.

लेख लिहिला गेला त्या दिवशी आत्या हयात होती. विचारणारा होता, सांगणारी होती. मधला निरोप्या तेवढा नव्हता.

ही हकिगत मी माझ्या भाच्याला सांगितली. तो पुण्याला कंप्युटरच्या नोकरीत आहे. तो म्हणाला, "मामा, तुम्ही रोज दारोदार कशाला हिंडता? फळाच घरी आणा की!"

आणि खरोखरच त्याने दहा मिनिटांत माझ्या मोबाईलवर पंधरा-वीस फळे आणून ठेवले. या व्यवस्थेला 'फीड' म्हणतात असे त्याने सांगितले. मी मॅट्रिकपर्यंत शिकलेला मास्तर, त्यातून कादंबऱ्या लिहिणारा. यंत्रापेक्षा यंत्रामागच्या माणसांचे मला कुतूहल अधिक. ही सोय कुणी केली आणि कशासाठी केली, हे मी विचारू लागलो, आणि एखाद्या जुन्या घराण्याची बखर वाचावी तशी एक हकिगत हाती आली. तीच आज वाचकांपुढे ठेवीत आहे.

आधी वस्तू काय आहे ते पाहू. वेबसाइट म्हणजे दुकान समजा. दुकानात चित्रे असतात, रंग असतात, जाहिराती असतात. फीड म्हणजे त्या दुकानाच्या दारावरचा फळा. ती एक साधी मजकुराची फाइल असते. तीत सर्वांत वर वेबसाइटचे नाव, आणि खाली एकेका नव्या लेखाची नोंद. प्रत्येक नोंदीत लेखाचे शीर्षक, त्याचा पत्ता, प्रसिद्धीची तारीख आणि दोन-चार ओळींचा सारांश. कधी कधी सगळा लेखच. कोणता शब्द शीर्षक आणि कोणता तारीख, हे यंत्राला कळावे म्हणून प्रत्येकाच्या मागेपुढे ठरावीक खुणा घातलेल्या असतात. आपण पाकिटावर 'प्रति' आणि 'प्रेषक' लिहितो ना, तसेच ते.

आता दुसरा भाग. आपल्या मोबाईलमध्ये किंवा कंप्युटरमध्ये एक वाचक-यंत्र असते. त्याला फीड रीडर म्हणतात. मी त्याला हुशार पोऱ्या म्हणतो. आपण त्याला एकदा पत्ते द्यायचे. तो दर तासा-दोन तासांनी प्रत्येक दारी जातो, 'मागच्या खेपेनंतर काही बदलले का?' असे विचारतो, आणि बदलले असेल तर नव्या नोंदी उतरवून आणतो. आदल्या खेपेस काय पाहिले हे त्याच्या ध्यानात असते, त्यामुळे जुने पुन्हा दाखवीत नाही. आपण सवडीने एकाच पानावर सगळे वाचायचे.

यात एक मर्म आहे. येथे वेबसाइट आपल्याकडे येत नाही. आपला पोऱ्या तिच्याकडे जातो. तिला आपले नाव, गाव, ई-मेलचा पत्ता काहीही द्यावे लागत नाही. कंटाळा आला तर यादीतून नाव खोडायचे, की काम झाले. रद्द करण्यासाठी कुणाची मनधरणी नको. वर्गणी न भरता वर्गणीदार होता येते आणि निरोप न घेता उठूनही जाता येते.

ही कल्पना सुचण्याआधी माणसांनी उलटी वाट धरून पाहिली होती. 1996 साली अमेरिकेत पॉइंटकास्ट नावाची एक सोय निघाली. ती बातम्या आणि जाहिराती आपण होऊन लोकांच्या कंप्युटरवर आणून ओतीत असे. लोक प्रथम हरखले. पण कचेऱ्यांमधल्या तारा त्या ओझ्याने तुंबू लागल्या आणि अनेक कंपन्यांनी ती आपल्या यंत्रांवर बंद केली. मागितल्यावाचून वाढलेले अन्न पानात साचते, तशातली ती गत.

नेमक्या त्याच सुमारास रामनाथन गुहा हे गृहस्थ वेगळाच विचार करीत होते. मद्रासच्या आयआयटीत शिकून ते अमेरिकेस गेले होते. आधी अॅपल कंपनीत आणि 1997 पासून नेटस्केप कंपनीत त्यांनी एकाच प्रश्नाचा पाठपुरावा केला : इंटरनेटवरच्या मजकुराविषयीची माहिती यंत्राला समजेल अशी कशी लिहावी? पुस्तक वेगळे आणि ग्रंथपालाचे सूचिपत्र वेगळे. त्यांना हवे होते ते सूचिपत्र.

नेटस्केपने वाचकांसाठी 'माय नेटस्केप' नावाचे पान काढले होते. त्या पानावर इतर वेबसाइटींना आपल्या ताज्या मथळ्यांची चौकट मांडता यावी म्हणून गुहा आणि त्यांचे सहकारी डॅन लिबी यांनी मार्च 1999 मध्ये फळ्याचा पहिला नमुना तयार केला. त्याचे नाव आरएसएस, आवृत्ती 0.90. जुलैमध्ये लिबींनी तो सोपा करून 0.91 ही आवृत्ती काढली. मौज अशी, की त्या फळ्यावर पंधराच नोंदींना जागा होती. आमच्या वाचनालयाच्या फळ्यावरही साधारण तेवढ्याच ओळी मावत!

पण पाळणा हलतो न हलतो तोच घर विकले गेले. अमेरिका ऑनलाइन या बड्या कंपनीने मार्च 1999 मध्येच नेटस्केप ताब्यात घेतली होती. गुहा लवकरच बाहेर पडले आणि 2001 साली नेटस्केपने या फळ्यावरून आपला हात काढून घेतला. बाळ पोरके झाले.

पोरक्या बाळाला सांभाळायला दोन घरे पुढे आली आणि दोघांचे पटेना. एका घराचे कर्ते डेव्ह वायनर. त्यांनी 1997 च्या डिसेंबरातच आपल्या लेखनासाठी अशाच प्रकारची एक रचना केली होती. त्यांचे म्हणणे, फळा सोपा ठेवा. ज्याला चार अक्षरे येतात त्याला तो लिहिता आला पाहिजे. दुसऱ्या मंडळींचे म्हणणे, गुहांची मूळ कल्पना मोठी होती. फळ्याला सूचिपत्राची खोली द्या. डिसेंबर 2000 मध्ये या मंडळींनी 1.0 ही आवृत्ती काढली, तर त्याच महिन्यात वायनरांनी 0.92. सप्टेंबर 2002 मध्ये वायनरांनी एकदम 2.0 प्रसिद्ध केली. म्हणजे क्रमांकावरून जो 1.0 चा मुलगा वाटावा, तो वस्तुतः 0.92 चा मुलगा! भाऊबंदकीत वंशावळीचा जो घोळ होतो, तो येथेही झाला. नावाचेही तेच. आरएसएस ही तीनच अक्षरे, पण त्यांचा अर्थ आरंभी 'आरडीएफ साइट समरी', मग 'रिच साइट समरी' आणि शेवटी 'रियली सिंपल सिंडिकेशन', म्हणजे अगदी सोपे वितरण. या तंट्याला कंटाळलेल्या आणखी काही जणांनी 2003 मध्ये अॅटम नावाचा तिसराच फळा करायला घेतला, आणि डिसेंबर 2005 मध्ये त्याला रीतसर मान्यता मिळाली.

या भांडणातील दोन गोष्टी मात्र मला मोठ्या वाटतात. पहिली : 1.0 आवृत्तीवर ज्या मंडळींची नावे आहेत त्यांत आरन स्वॉर्ट्झ हा एक होता. आवृत्ती निघाली तेव्हा तो नुकताच चौदा वर्षांचा झाला होता. आमच्या शाळेत तो आठवी-नववीच्या वर्गात बसला असता. ज्ञान सर्वांना खुले असावे या ध्यासापायी पुढे तो मोठ्या खटल्यात सापडला आणि 11 जानेवारी 2013 रोजी, अवघ्या सव्विसाव्या वर्षी, त्याने स्वतःचे जीवन संपविले. दुसरी गोष्ट : जुलै 2003 मध्ये 2.0 आवृत्तीच्या लेखी नियमांची मालकी हार्वर्ड विद्यापीठातील बर्कमन केंद्राला देण्यात आली आणि ते नियम कुणालाही वापरता येतील असे खुले करण्यात आले. भांडले सगळे, पण वाड्याला कुलूप कुणीच लावले नाही.

त्यामुळे वाचकांचे भलेच झाले. फीड रीडर बनविणाऱ्यांनी सगळ्याच बोली शिकून घेतल्या. 2002 मध्ये न्यूयॉर्क टाइम्ससारख्या वृत्तपत्राने आपले फीड सुरू केले. वायनरांनी नोंदीला ध्वनीची फाइल जोडण्याची सोय केली होती, तीतून 2004 च्या सुमारास पॉडकास्ट जन्माला आले. आमच्या घरी सौ. पोळ्या लाटताना मोबाईलवर गोष्टी ऐकते. नवा भाग आला की तिला आपोआप कळते, ते बहुधा याच फळ्याच्या कृपेने. तिला मी हे सांगितले तेव्हा ती म्हणाली, "म्हणजे तुमच्या आधीपासून मी हे वापरते आहे!" यावर मी काय बोलणार?

ऑक्टोबर 2005 मध्ये गूगलने स्वतःचा फीड रीडर काढला. तो फुकट आणि उत्तम असल्याने असंख्य लोक त्यावर विसंबले. पुढे वापर घटल्याचे कारण देऊन 1 जुलै 2013 रोजी कंपनीने तो बंद केला. पुष्कळांना वाटले, फीड संपले. पण बंद झाला तो एक पोऱ्या. फळे जागच्या जागी होते. लोकांनी आपापल्या याद्या उचलल्या आणि दुसरा पोऱ्या नेमला. एका मालकाची वस्तू असती, तर मालकाबरोबर गेली असती.

दरम्यान 'फीड' या शब्दाचा अर्थ मात्र पालटला. सप्टेंबर 2006 मध्ये फेसबुकने 'न्यूज फीड' काढले. तेथेही नवे मजकूर एकाखाली एक येतात, पण कोणता वर आणि कोणता खाली, हे आज कंपनीचे गणित ठरविते. आपण अधिक वेळ रेंगाळावे, हा त्या गणिताचा हिशेब. आपण न मागितलेले त्यात येते आणि मागितलेले कधी कधी येतही नाही. चार महिन्यांतून एकदा ओव्यांवर लिहिणारा माझा मित्र त्या गर्दीत मला दिसणार कसा? जुन्या फीडमध्ये तारखेचा क्रम असतो आणि निवड माझी असते. तेथे मोठ्या वृत्तपत्राची ओळ आणि माझ्या मित्राची ओळ एकाच उंचीची.

जुन्या फीडला उणिवाही आहेत. ते आपल्याला नवा लेखक शोधून देत नाही. तो आपणच धुंडाळावा लागतो. आणि पुष्कळ वेबसाइटी फळा लावीतच नाहीत. फळा वाचून वाचक दाराबाहेरूनच परतला, तर जाहिरात कोण पाहणार, असा दुकानदाराचा विचार असावा. तरीही वर्डप्रेसवर चालणाऱ्या असंख्य लहान वेबसाइटी तो आपोआप लावतात. कोठे नारिंगी चौकोनात एक ठिपका आणि त्यावर दोन कमानी दिसल्या, तर तो फळा समजावा. चिन्ह नसले तरी वेबसाइटचा पत्ता रीडरला दिला, की बहुधा तोच फळा हुडकून काढतो. घरातील एखाद्या भाच्याला दिवाळीच्या सुट्टीत दहा मिनिटे बसविले, तर काम होण्यासारखे आहे.

आत्याच्या ओव्या गेल्या त्या गेल्याच. पण यंदाच्या श्रावणात मित्राचा नवा लेख आला, तो त्याच संध्याकाळी माझ्या यादीत होता. या खेपेस त्यांना मंगळागौरीच्या एका गाण्याचा शेवट हवा होता. माझ्या थोरल्या काकू आज ब्याऐंशी वर्षांच्या आहेत. मी वही घेऊन त्यांच्याकडे गेलो. त्या आधी लाजल्या, मग दोनदा चुकल्या आणि तिसऱ्या वेळेस डोळे मिटून सगळे गाणे म्हणाल्या. रात्री मी ते मित्राला धाडून दिले.