किल्लारीनंतरची घरं : नियम, मोजपट्टी आणि माणूस

तत्त्वज्ञान शिकवणाऱ्यांनी सरकारी घरबांधणीच्या देखरेखीवर काय बोलावं, असा प्रश्न आपल्यापैकी काहींना पडला असेल. पण आपल्या विषयातला एक फार जुना प्रश्न नेमका इथेच उभा राहतो. नियम पाळला म्हणजे नियमाचा हेतू साधला, असं म्हणता येतं का? हा प्रश्न पुस्तकात सोपा वाटतो. लातूर-उस्मानाबादच्या गावांत तो दगडामातीत उतरला, म्हणून आज आपण त्या इतिहासाकडे पाहू.

३० सप्टेंबर १९९३. गणपती विसर्जन करून लोक झोपलेले. पहाटे चार वाजायला चार मिनिटं कमी असताना जमीन हादरली. सुमारे आठ हजार माणसं गेली. भूकंपाची तीव्रता सहाच्या थोडी वर, म्हणजे जगाच्या हिशेबात मध्यम. मग एवढी माणसं का गेली? उत्तर घरांत होतं. त्या भागातलं घर म्हणजे माळवद. दीड-दोन हात जाडीच्या, मातीत रचलेल्या दगडी भिंती. वर लाकडी तुळयांवर मातीचं जाड छत आणि गळती थांबावी म्हणून त्यावर वर्षानुवर्षं चढत गेलेले मातीचे थर. उन्हाळ्यात थंडगार, चोरापासून सुरक्षित. पण भिंतीचा आतला थर आणि बाहेरचा थर एकमेकांना बांधलेले नव्हते. हादऱ्यासरशी ते सुटे झाले आणि सगळा भार झोपलेल्यांवर आला.

एक गोष्ट इथेच सांगायला हवी. त्यावेळच्या अधिकृत भूकंप नकाशात हा प्रदेश सर्वांत कमी धोक्याच्या, पहिल्या विभागात होता. त्या नकाशाचा धडा घेऊन पुढे २००२ साली तो पहिला विभागच रद्द झाला. म्हणजे १९९३ पूर्वी इथे घर बांधणाऱ्याने कोणताही नियम मोडलेला नव्हता. नियम पाळूनही माणूस ढिगाऱ्याखाली जाऊ शकतो, हे पहिलं वास्तव.

मग पुनर्वसन आलं. मुख्यमंत्री शरद पवार होते. जागतिक बँकेने २४ कोटी ६० लाख डॉलरचं कर्ज दिलं आणि १९९४ पासून महाराष्ट्र आपत्कालीन भूकंप पुनर्वसन कार्यक्रम सुरू झाला. गावांची विभागणी झाली. जी ५२ गावं पार उद्ध्वस्त झाली, ती नव्या जागी वसवायची ठरली. काही गावांत आहे त्याच जागी बांधकाम. आणि तेरा जिल्ह्यांत पसरलेली, कमी-अधिक हानी झालेली सुमारे दोन लाख घरं मालकांनी स्वतः दुरुस्त आणि मजबूत करायची. त्यासाठी सरकारने पैसे हप्त्याहप्त्याने द्यायचे आणि अभियंत्याने काम पाहून दाखला दिल्याशिवाय पुढचा हप्ता सोडायचा नाही.

म्हणजे देखरेखीच्या दोन तऱ्हा शेजारी-शेजारी चालल्या. त्या आपण नीट वेगळ्या करून पाहू.

पहिली तऱ्हा नव्या गावांची. घर किती मोठं मिळणार हे जमिनीवर ठरलं. भूमिहीन आणि एक हेक्टरपर्यंत जमीन असलेल्यांना २५० चौरस फूट, एक ते सात हेक्टरवाल्यांना ४००, त्यावर ७५०. तपासनीसाच्या दृष्टीने नियम सुटसुटीत. सातबारा पाहायचा, फीत लावायची, रकाना भरायचा. पण गावात विचारा, एका सातबाऱ्यावर थोरल्या भावाचं नाव आणि घरात चुली तीन, तर हे कुटुंब एक की तीन? ज्याच्याकडे जमीन नाही पण चार शेळ्या आणि एक म्हैस आहे, त्याने ती २५० फुटांत कुठे बांधायची? रुंद सरळ रस्त्यांच्या नव्या गावात भावकी विखुरली, ओसरी गेली, गोठा गेला. गुबाळसारख्या ठिकाणी तर घुमटाच्या आकाराची घरं उभी राहिली. भूकंपात घुमट चांगला टिकेलही, पण गोल भिंतीला कपाट कसं लावायचं आणि पुढे खोली कशी जोडायची?

लोकांनी आपल्या परीने उत्तर काढलं. घर ताब्यात आलं, की पुढे पडवी, बाजूला खोली, मागे गोठा. पुष्कळ ठिकाणी या जोडकामाला जुन्या गावाचेच दगड वापरले. कागदावर प्रत्येक घर नियमात होतं. त्याला चिकटून उभं राहिलेलं बांधकाम कोणत्याच रकान्यात नव्हतं.

दुसरी तऱ्हा दुरुस्तीची. तिथे तपासायची गोष्टच अवघड होती. दगडी भिंत मजबूत करायची तर दोन्ही थरांना जोडणारे आरपार दगड घालायचे, दरवाजा-खिडकीच्या वर सिमेंट-काँक्रीटचा सलग पट्टा फिरवायचा, खांब आणि तुळईच्या कोपऱ्यात तिरके आधार द्यायचे, माळवदावरची माती कमी करायची. आता बघा, आरपार दगड भिंतीत गेला आणि वरून गिलावा झाला, की तो आहे की नाही हे कुणालाच दिसत नाही. अभियंता आठवड्याने आला तर त्याला गुळगुळीत भिंत दिसणार. काही नियम असे असतात, की ते पाळले की नाही हे फक्त काम चालू असतानाच कळतं. त्या घटकेला तिथे कोण हजर आहे, यावर सगळं अवलंबून.

आणि एका कनिष्ठ अभियंत्याकडे किती गावं, किती घरं! तो त्या घटकेला हजर असणं शक्यच नव्हतं. इथे या कार्यक्रमाने एक शहाणपणाचं पाऊल टाकलं. स्वयं शिक्षण प्रयोग या संस्थेकडे लोकसहभागाचं काम दिलं गेलं. प्रेमा गोपालन यांच्या पुढाकाराने शेकडो गावांत महिला मंडळातल्या बायका ‘संवाद सहायक’ झाल्या. योजना काय आहे हे घरोघर सांगायचं, बँकेत खातं उघडायला मदत करायची, गवंड्याच्या कामावर नजर ठेवायची, अडलेला हप्ता अभियंत्याकडे जाऊन सोडवायचा. ज्या बाईने तोवर चावडीवर तोंड उघडलं नव्हतं, ती आता विचारू लागली, ‘पट्टा कोपऱ्यात का तुटला?’ घरात झोपणार कोण? ती आणि तिची पोरं. म्हणून तिची नजर दाखल्यापुरती नव्हती.

तरीही एक पेच उरलाच. पैसे दिले होते जुनं घर मजबूत करायला. पण ज्यांनी दगडाखाली माणसं गमावली, त्यांचा दगडावरचा विश्वासच उडाला होता. बहुसंख्य लोकांनी त्या पैशात जुनी भिंत सांधण्याऐवजी विटांची किंवा ब्लॉकची एक नवी खोली बांधली. काटेकोर पाहिलं तर हा नियमभंग. हप्ता अडवायला हवा होता. प्रशासनाने अडवला नाही, नवी खोली मान्य केली. रात्री निदान सुरक्षित जागी झोपता यावं, हा हेतू त्या खोलीने साधत होता.

आता ॲरिस्टॉटलची आठवण होते. ‘निकोमेकियन एथिक्स’च्या पाचव्या भागात तो म्हणतो, की कायदा सर्वसामान्य भाषेत बोलतो आणि प्रसंग मात्र एकेकटे येतात. म्हणून न्यायाला औचित्याची जोड लागते. दाखला कुणाचा देतो? गवंड्यांचा. लेस्बॉस बेटावरचे गवंडी शिशाची मोजपट्टी वापरत. ती ताठ नसे, दगडाच्या आकाराप्रमाणे वळे. लातूरला नवी खोली मान्य केली, ती याच शिशाच्या पट्टीने.

पण मित्रहो, इथेच सावध व्हायला हवं. वळणारी पट्टी दगडाकडे पाहून वळते, तशी पाकिटाकडे पाहूनही वळू शकते. पुढाऱ्याच्या घराला औचित्य आणि विधवेच्या घराला नियम, हे आपल्याला नवीन नाही. मग लवचीकपणा आणि लबाडी यांतला फरक कशाने कळायचा? आमच्या मते एकाच कसोटीने : पट्टी वळवली ती सगळ्यांसमोर वळवली का? ग्रामसभेत यादी वाचली गेली, सूट सर्वांना सारखी मिळाली, कारण सांगितलं गेलं, तर ते औचित्य. बंद खोलीत झालं तर लबाडी.

हा धडा पुढे गेला. २६ जानेवारी २००१ ला कच्छ हादरलं तेव्हा लातूर-उस्मानाबादच्या या बायका तिकडच्या बायकांना भेटायला गेल्या. गुजरातने घरबांधणी मुख्यतः मालकांच्याच हाती दिली आणि पैसे ४०, ४० आणि २० टक्क्यांच्या तीन हप्त्यांत बांधले. शासकीय अभियंत्यांच्या वर आणखी एक त्रयस्थ तपासणी ठेवली. ती सिमेंट आणि बांधकाम साहित्याच्या राष्ट्रीय परिषदेकडे होती. दाखला देणाराच स्वतःचा दाखला तपासणार नाही, ही त्यातली मुख्य गोष्ट.

आणि आपल्याकडे? ३० जुलै २०१४ ला माळीण दरडीखाली गेलं, दीडशेवर माणसं गेली. नवं माळीण २०१७ च्या एप्रिलमध्ये वाजतगाजत सुपूर्द झालं आणि पहिल्याच पावसात, जूनमध्ये, तिथले रस्ते आणि भराव खचले. लोकार्पणाच्या दिवशी सगळे रकाने भरलेले असणार. पावसाने मात्र स्वतःची तपासणी केली.

आज ग्रामीण घरकुलाचा हप्ता मोबाईलच्या फोटोवर सुटतो. फोटोत जागा नोंदलेली असते, खोटं घर दाखवणं अवघड झालं आहे. ही चांगली गोष्ट आहे. पण फोटोत गिलावा दिसतो, भिंतीतला आरपार दगड दिसत नाही. शिवाय शेवटचा हप्ता सुटला की फाईल बंद होते. लातूरचा कार्यक्रम १९९८ मध्ये संपला, घरं मात्र अजून उभी आहेत, त्यांत खोल्या जोडल्या जात आहेत, नवी पिढी त्यांत झोपते आहे. ज्या मुलाने तो भूकंप पाहिला नाही, त्याला पट्टा कशासाठी असतो हे कोण सांगणार?

म्हणून आमचं म्हणणं एवढंच. पैशाची देखरेख सरकारने करावी, ती हप्त्याबरोबर संपली तरी चालेल. घराची देखरेख संपत नसते. ती त्या घरात राहणाऱ्यांना शिकवून, त्यांच्या हाती देऊनच सरकारने गावातून निघावं. पुढच्या वेळी कुठे पुनर्वसनाची योजना जाहीर होईल, तेव्हा किती कोटी आणि किती चौरस फूट हे आपण विचारूच. त्याबरोबर हेही विचारू, की भिंत चढत असताना तिथे कोण उभं राहणार आहे, आणि त्याने किंवा तिने ‘थांबा’ म्हटलं तर काम खरंच थांबणार आहे का.