कर्करोगसेवेचा इतिहास आणि दाराआडची स्त्री

जैन परंपरेने आहार, औषध, शास्त्र आणि अभय अशी चार दाने सांगितली आहेत. त्यांपैकी औषधदानाची परंपरा कोल्हापूर-सांगली परिसरात आजही जागती आहे. दवाखान्याला खाट, रुग्णाला फळे, शिबिराला औषधे असे दान गावोगाव श्रद्धेने दिले जाते. मात्र औषध जेथे ठेवलेले असते तेथपर्यंत जो येतो, त्यालाच ते मिळते. जो येऊच शकत नाही, त्याचे नाव कोणत्याही वहीत चढत नाही. कर्करोगाच्या बाबतीत अशी न येणारी व्यक्ती पुष्कळदा स्त्री असते. आणि स्त्रियांमध्येही विधवा, वृद्ध, निरक्षर, मोलमजुरी करणारी अधिक. महाराष्ट्रातील कर्करोगसेवेचा इतिहास या अंगाने पाहिला असता एक गोष्ट ठळकपणे दिसते : स्त्रीने रुग्णालयात यावे म्हणून वाट पाहिली गेली तेव्हा ती आली नाही, रुग्णालय तिच्या गावात गेले तेव्हा मात्र ती पुढे आली.

या इतिहासाची पूर्वपीठिका कोल्हापुरातच सापडते. १८८६ साली अमेरिकेतील पेनसिल्व्हेनिया येथे वैद्यकीय पदवी मिळविणाऱ्या डॉ. आनंदीबाई जोशी यांची कोल्हापूर संस्थानाने आल्बर्ट एडवर्ड रुग्णालयातील, म्हणजेच आजच्या सी.पी.आर. रुग्णालयातील, स्त्री-विभागासाठी नेमणूक केली होती. पुरुष डॉक्टरांपुढे आपले दुखणे सांगण्यापेक्षा ते मुकाट्याने सोसणाऱ्या स्त्रियांसाठी स्त्री डॉक्टर हवी, ही जाण त्या नेमणुकीमागे होती. दुर्दैवाने २६ फेब्रुवारी १८८७ रोजी, काम हाती घेण्यापूर्वीच, आनंदीबाईंचे पुण्यात निधन झाले. पुढे डॉ. कृष्णाबाई केळवकर यांनी याच रुग्णालयात स्त्रियांची सेवा केली. सोय झाली, परंतु ‘अंगावर काढण्याची’ रीत सुटली नाही. हा शब्दप्रयोग मराठी घरांत आजही प्रामुख्याने बायकांच्या दुखण्यालाच लावला जातो, ही बाब पुरेशी बोलकी आहे.

कर्करोगासाठी स्वतंत्र रुग्णालय महाराष्ट्रात उभे राहिले तेही एका स्त्रीच्या मृत्यूनंतर. लेडी मेहेरबाई टाटा यांचे १९३१ मध्ये परदेशात उपचार घेत असताना रक्ताच्या कर्करोगाने निधन झाले. त्यांचे पती सर दोराबजी टाटा यांच्या नावाच्या न्यासातून परळ येथे टाटा मेमोरियल रुग्णालय बांधण्यात आले आणि २८ फेब्रुवारी १९४१ रोजी ते रुग्णांसाठी खुले झाले. १९६२ मध्ये त्याची व्यवस्था केंद्र शासनाच्या अणुऊर्जा विभागाकडे गेली. राज्याच्या कानाकोपऱ्यांतून गोरगरीब तेथे येऊ लागले. दादरच्या गाडगे महाराज धर्मशाळेने अशा असंख्य रुग्णांना व त्यांच्या नातेवाइकांना आसरा दिला.

तथापि, वारणेच्या खोऱ्यातून मुंबई गाठणे म्हणजे शेकडो किलोमीटर अंतराचा प्रवास. शिवाय हा आजार एका भेटीत बरा होणारा नाही. गर्भाशयमुखाच्या कर्करोगात बाहेरून द्यावयाचे किरणोपचार आठवड्याचे पाच दिवस, सुमारे पाच आठवडे चालतात. त्यानंतर आतून द्यावयाच्या किरणोपचारासाठी पुन्हा जावे लागते. एवढे दिवस घर सोडून राहायचे तर बरोबर माणूस हवा, त्याचा रोजगार बुडणार, मागे चूल आणि गोठा कोणी सांभाळायचा, हे प्रश्न उभे राहतात. घरातील पुरुष आजारी पडला तर पत्नी सोबत जाते आणि घर कसेबसे चालते. घरातील स्त्री आजारी पडली तर सोबत जाणारा आणि मागे घर पाहणारा असे दोघे लागतात. उपचारांतील विषमतेचे मूळ पुष्कळदा या साध्या हिशेबात असते.

रोगाचे प्रमाण मोजण्याच्या कामातही हीच अडचण आली. इंडियन कॅन्सर सोसायटीने १९६३ मध्ये मुंबईत भारतातील पहिली लोकसंख्याधारित कर्करोग नोंदणी सुरू केली. शहरातील रुग्णालये, प्रयोगशाळा आणि मृत्यूच्या नोंदी यांतून माहिती गोळा करण्याची ही पद्धत होती. खेड्यात मात्र ही रीत चालणे शक्य नव्हते. ज्या बाईने रुग्णालय पाहिलेच नाही, तिची नोंद रुग्णालयाच्या कागदावर कशी सापडणार?

याचे उत्तर सोलापूर जिल्ह्यातील बार्शीने दिले. १९८१ मध्ये कर्करोगाने निधन पावलेल्या अभिनेत्री नर्गिस दत्त यांच्या नावाचे कर्करोग रुग्णालय बार्शीसारख्या तालुक्याच्या गावी उभे राहिले. डॉ. भगवान नेने हे या कार्यातील अग्रणी होते. तेथे १९८७ मध्ये देशातील पहिली ग्रामीण कर्करोग नोंदणी सुरू झाली. बार्शी, परांडा आणि भूम या तीन तालुक्यांतील ३४६ गावे तिच्या कक्षेत होती. कार्यकर्ते ठराविक काळाने गावोगाव जात, गावातील जाणत्या मंडळींशी बोलत, अंगावरून अवेळी रक्त जाणे, छातीत गाठ येणे, तोंडातील न भरणारी जखम अशा लक्षणांची माहिती देत आणि संशय असलेल्यांना तपासणीसाठी आणण्याची व्यवस्था करीत. मोजणी आणि सेवा ही दोन्ही कामे एकाच फेरीत होऊ लागली. तेथील स्त्रियांमध्ये गर्भाशयमुखाचा कर्करोग सर्वाधिक असल्याचे या नोंदणीने दाखविले. पुढे डॉ. कस्तुरी जयंत, डॉ. नेने व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९५ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात आणखी एक आशादायक गोष्ट दिसली. केवळ गावोगावच्या प्रबोधनामुळे, रोग पहिल्या-दुसऱ्या अवस्थेत असतानाच येणाऱ्या स्त्रियांचे प्रमाण वाढले होते.

या अनुभवाच्या पायावर तत्कालीन उस्मानाबाद, म्हणजे आताच्या धाराशिव, जिल्ह्यात १९९९ पासून मोठा अभ्यास हाती घेण्यात आला. बार्शीचे रुग्णालय, टाटा मेमोरियल आणि जागतिक आरोग्य संघटनेची कर्करोग संशोधन संस्था यांचा तो संयुक्त उपक्रम होता. ३० ते ५९ वयाच्या १,३१,७४६ स्त्रिया त्यात होत्या. गावांचे ५२ समूह करून त्यांची चार गटांत विभागणी केली गेली. तीन गटांना तीन वेगवेगळ्या पद्धतींनी तपासणी देण्यात आली, तर चौथ्या गटाला नेहमीचीच सेवा आणि आरोग्यशिक्षण मिळाले. २००९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनी जगाचे लक्ष वेधले. एच.पी.व्ही. विषाणूची चाचणी आयुष्यात एकदाच झालेल्या गटात आठ वर्षांत ३४ स्त्रिया या रोगाने दगावल्या. तपासणी न मिळालेल्या गटात ६४. गटांची संख्या विचारात घेता मृत्यूचे प्रमाण जवळपास निम्म्यावर आले होते.

हे यश सांगताना त्याची दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. चौथ्या गटातील तीस हजारांहून अधिक स्त्रिया तपासणीविना राहिल्या आणि त्यांतील काही वाचू शकल्या असत्या, असा नैतिक आक्षेप या अभ्यासावर पुढे घेतला गेला. त्या काळी सरकारी तपासणी कोठेच उपलब्ध नव्हती, असे समर्थन संशोधकांनी केले. वाद काहीही असो, जगाला मिळालेले ज्ञान मराठवाड्यातील कष्टकरी स्त्रियांच्या सहभागातून आले, हे ऋण विसरता येणार नाही. याच सुमारास मुंबईच्या वस्त्यांत डॉ. सुरेंद्र शास्त्री यांच्या नेतृत्वाखाली सुमारे दीड लाख स्त्रियांचा असाच अभ्यास झाला. दहावीपर्यंत शिकलेल्या, प्रशिक्षण घेतलेल्या स्थानिक स्त्रियांनी सौम्य ॲसेटिक आम्ल लावून नुसत्या डोळ्यांनी तपासणी केली. त्या साध्या पद्धतीने मृत्यूचे प्रमाण ३१ टक्क्यांनी घटल्याचे २०१३ मध्ये जाहीर झाले.

मात्र सेवा गावात गेली तरी सर्वच स्त्रिया बाहेर येत नाहीत, हेही उस्मानाबादने शिकविले. बोलावलेल्यांपैकी सुमारे पाचांतील चौघी तपासणीस आल्या. आलेल्यांत वयाने लहान, शिकलेल्या आणि विवाहित स्त्रियांचे प्रमाण अधिक होते. मागे राहिली ती वयस्क, निरक्षर, एकटी बाई. ‘आता माझे काय राहिले आहे’ असे म्हणून जी स्वतःच मागे सरते, तिलाच धोका अधिक असतो.

त्यानंतरच्या काळात पैशाची अडचण काही अंशी दूर झाली. २०१२ मध्ये आठ जिल्ह्यांत सुरू झालेली राजीव गांधी जीवनदायी आरोग्य योजना २०१३ मध्ये राज्यभर पोहोचली आणि २०१७ पासून ती महात्मा जोतिबा फुले यांच्या नावाने ओळखली जाऊ लागली. कर्करोगाच्या शस्त्रक्रिया, किरणोपचार व औषधोपचार तिच्यात समाविष्ट आहेत. कोल्हापूर आणि मिरज येथे उपचारांची सोय झाल्याने मुंबईची वारीही अनेकांची टळली. केंद्र शासनाने २०१६ मध्ये तीस वर्षांवरील व्यक्तींच्या मुख, स्तन व गर्भाशयमुख तपासणीची रूपरेषा ठरविली. तरीही २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात देशातील ३० ते ४९ वयोगटातील शंभर स्त्रियांमागे जेमतेम दोघींनी गर्भाशयमुखाची तपासणी कधीतरी करून घेतल्याचे आढळले. स्तनाच्या तपासणीत तर हे प्रमाण एक टक्क्याहूनही कमी होते. योजना उपचाराचा खर्च देते. परंतु तपासणीस जायला सवड, सोबत आणि घरची संमती कोणतीही योजना देऊ शकत नाही. ही विषमता बालवयापासूनच सुरू होते. देशातील मोठ्या कर्करोग रुग्णालयांतील बालरुग्णांचा २०२२ मध्ये ‘लॅन्सेट ऑन्कॉलॉजी’ या नियतकालिकात प्रसिद्ध झालेला अभ्यास सांगतो की, लोकसंख्येत आढळणाऱ्या प्रमाणापेक्षाही मुलगे उपचारासाठी अधिक आणले जातात आणि मुली कमी. उत्तर भारतात ही तफावत अधिक आहे.

साखर कारखान्याभोवती वसलेल्या वारणेच्या परिसराला याचे आणखी एक रूप जवळून दिसते. ऊसतोडीच्या हंगामात बीडसारख्या दुष्काळी जिल्ह्यांतून टोळ्या येतात. मुकादमाची उचल फेडण्यासाठी नवरा-बायको मिळून एक कोयता धरतात. खाडा झाला तर मजुरी बुडते. २०१९ मध्ये डॉ. नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखालील समितीच्या पाहणीत बीड जिल्ह्यातील सुमारे ८२ हजार ऊसतोड स्त्रियांपैकी १३ हजारांहून अधिक स्त्रियांची गर्भाशये काढली गेल्याचे समोर आले. अनेकींना ‘पिशवीचा कॅन्सर होईल’ अशी भीती घातली गेली होती. ज्यांना कर्करोगाची साधी तपासणी कधी मिळाली नाही, त्यांच्या वाट्याला कर्करोगाची भीती मात्र आली. वर्षातील पाच-सहा महिने कोपीत काढणाऱ्या या स्त्रिया ना मूळ गावच्या आरोग्यफेरीत सापडतात, ना येथल्या.

बार्शीने जे केले ते वारणेला परके वाटू नये. तात्यासाहेब कोरे यांच्या प्रेरणेने या खोऱ्यात सहकार उभा राहिला. येथे गावोगाव संकलन केंद्रे उघडली गेली, म्हणूनच दोन म्हशींच्या धनीणीचे दूधही संघापर्यंत पोहोचले. १९९८ मध्ये येथील सुमारे ७० गावे संगणकाने जोडण्याचा प्रकल्प देशभर गाजला. उसाची आणि दुधाची नोंद घरोघर ठेवणाऱ्या परिसराला तीस वर्षांवरील स्त्रियांच्या तपासणीची नोंद ठेवणे अवघड नाही. आशाताईंच्या फेरीला गावातील जाणत्या स्त्रीची जोड, कोल्हापूर वा मिरजेत पाच-सहा आठवडे राहण्याची सोय, सोबतीला एक माणूस आणि त्या काळात घरी पोहोचणारा जेवणाचा डबा, एवढ्यावर अनेकींचे उपचार अर्धवट सुटण्यापासून वाचतात. अशा कामाला मोठी इमारत लागत नाही. परंतु प्रथम कोणाचे दार ठोठवायचे हे ठाऊक असावे लागते. गावातील एकटी विधवा आणि फडाकडेच्या कोपीतील मजूर स्त्री यांची नावे त्या यादीत सर्वांत वर यावीत, हाच बार्शीच्या नोंदवहीचा धडा आहे. औषधदानाची पूर्णताही तेथेच होते.