उपाहारगृह आणि राजविवाह : रोटीबेटी व्यवहाराच्या इतिहासाची दोन साधने

परभणी, सेलू, जिंतूर, गंगाखेड येथील महाविद्यालयांत आसपासच्या खेड्यांतून येणाऱ्या विद्यार्थ्याच्या कुतूहलाचे विषय पाहिले, तर त्यांत दोन विषय हटकून आढळतात. कोणत्या हॉटेलातील चहा चांगला, कोठल्या खाणावळीत गरम भाकरी मिळते, याची त्याला बारकाईने माहिती असते. आणि राजघराण्यांतील विवाहसोहळ्यांच्या वर्णनांत तो तितकाच रमतो. इतिहासाच्या अध्यापकाला हे दोन्ही विषय पोरकट वाटण्याचा संभव आहे. एकात केवळ जिभेचे चोचले आणि दुसऱ्यात केवळ डोळ्यांचे पारणे, असा त्यांचा निकाल सहज लावला जातो. परंतु थोडा विचार केला असता असे दिसून येते की, विद्यार्थ्याचे हे कुतूहल नकळत आपल्या सामाजिक इतिहासाच्या गाभ्याशीच जाऊन पोहोचलेले असते. कोणी कोणाबरोबर जेवावे आणि कोणी कोणाशी सोयरीक करावी, या दोन प्रश्नांवरच जातिसंस्थेची इमारत उभी राहिली आहे. उपाहारगृह हे रोटीव्यवहाराचे साधन, तर राजविवाह हे बेटीव्यवहाराचे साधन होय.

समाजशास्त्रज्ञांत या दोन व्यवहारांच्या तुलनात्मक महत्त्वाविषयी एकमत नाही. डॉ. श्रीधर व्यंकटेश केतकर यांनी १९०९ च्या आपल्या ग्रंथात जातीचे लक्षण सांगताना जन्म आणि विवाहबंधन यांवर भर दिला. डॉ. भीमराव आंबेडकर यांनी १९१६ च्या निबंधात जातीबाहेरील विवाहाची बंदी हेच जातीचे सारभूत लक्षण मानले. डॉ. गोविंद सदाशिव घुर्ये यांनी मात्र १९३२ मध्ये जी सहा लक्षणे दिली, त्यांत विवाहाच्या निर्बंधांबरोबर खानपानाच्या निर्बंधांनाही स्वतंत्र स्थान दिले. हा मतभेद केवळ व्याख्येचा नाही. रोटीबंदी सैल झाली म्हणजे बेटीबंदीही सैल होत जाते काय, हा त्यामागील खरा प्रश्न आहे.

१

पेशवाईतील लग्नसमारंभात हे दोन्ही व्यवहार एकाच मांडवात दिसतात. १७८३ मध्ये पुण्यास सवाई माधवरावांचा विवाह थत्ते घराण्यातील रमाबाईंशी झाला. निजामअलीखानाचा पुत्र पोलादजंग या समारंभास आला होता. म्हणजे आजचा परभणी जिल्हा ज्या सत्तेखाली होता, त्या सत्तेचा प्रतिनिधी तेथे उपस्थित होता. समारंभाच्या व्यवस्थेसंबंधी नाना फडणिसांच्या देखरेखीखाली तयार झालेल्या याद्यांकडे अभ्यासकांचे लक्ष फार पूर्वीच गेले आहे. अशा याद्या वाचताना पदार्थांची नावे आणि तुपाचे माप यांतच वाचक गुंतून पडतो. वस्तुतः त्यांतून समजून घ्यावयाची गोष्ट वेगळी आहे. कोणास पंगतीला बोलवावयाचे, कोणाकडे शिधा पाठवावयाचा, कोणाचा सन्मान वस्त्रांनी करावयाचा, हे ठरविणे म्हणजे राज्यातील प्रत्येकाचे स्थान ठरविणे होय. पंगत ही दरबाराची दुसरी बैठकच होती. निमंत्रणाशिवाय तीत प्रवेश नव्हता, आणि निमंत्रण हे जात व दर्जा पाहून जात असे.

हॉटेल ही संस्था याच्या नेमकी उलट आहे. तेथे निमंत्रण लागत नाही, पैसा लागतो. म्हणूनच विकतच्या अथवा परक्याच्या चहाने एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस एवढी खळबळ उडविली. १८९० मध्ये पुण्याच्या पंचहौद मिशनमध्ये जमलेल्या मंडळींपुढे चहा ठेवण्यात आला. त्या मंडळींत न्यायमूर्ती रानडे व लोकमान्य टिळक हेही होते. पुढे नावे प्रसिद्ध झाली, ग्रामण्य उभे राहिले, प्रकरण शंकराचार्यांपर्यंत गेले आणि प्रायश्चित्ताचा वाद दीर्घकाळ चालला. चहाच्या एका पेल्याने जर महाराष्ट्रातील अग्रगण्य पुरुषांना धर्मपीठापुढे उभे केले, तर पुढील पन्नास वर्षांत गावोगावच्या बाजारपेठांत आणि रेल्वे स्थानकांजवळ चहाची दुकाने निघाली, ही घटना किती मोठी होती याची कल्पना येते. मनमाड–हैदराबाद लोहमार्गाने विसाव्या शतकाच्या आरंभी परभणी बाह्य जगाशी जोडली गेली. प्रवासात सोवळे सांभाळणे ज्यांना जड जाऊ लागले, त्यांनी प्रथम चहा स्वीकारला, मग फराळ आणि शेवटी अन्न. हा क्रम लक्षात घेण्याजोगा आहे.

२

रोटी आणि बेटी या दोन्ही बंधनांना एकाच राजाने हात घातल्याचे उदाहरण महाराष्ट्राच्या इतिहासात आहे. ते कोल्हापूरचे. शाहू छत्रपतींनी १८९४ मध्ये राज्यकारभार हाती घेतला आणि १९२२ मध्ये त्यांचे निधन झाले. १९०२ मध्ये मागासलेल्या वर्गांसाठी निम्म्या जागा राखून ठेवण्याचा हुकूम, १९१७ मध्ये सक्तीचे व मोफत प्राथमिक शिक्षण, १९१९ मध्ये सार्वजनिक ठिकाणी अस्पृश्यता पाळण्यास बंदी, ही त्यांची कार्ये सुपरिचित आहेत. त्यांच्या चरित्रातील एका चहाच्या दुकानाकडे मात्र आख्यायिका म्हणून पाहण्याची प्रथा पडली आहे.

संस्थानच्या पागेत नोकरीस असलेले गंगाराम कांबळे हे अस्पृश्य मानल्या गेलेल्या समाजातील होते. पाण्याच्या हौदाला स्पर्श केला म्हणून त्यांना मारहाण झाली. महाराजांनी अपराध्यांना शासन केले आणि कांबळे यांना नोकरी सोडून स्वतंत्र धंदा करण्याचा सल्ला दिला. त्यांनी कोल्हापुरात भाऊसिंगजी रोडवर ‘सत्यसुधारक’ या नावाचे चहाचे हॉटेल काढले. हॉटेल स्वच्छ, चहा उत्तम. पण गिऱ्हाईक फिरकेना. तेव्हा महाराज आपली गाडी तेथे थांबवून चहा मागवू लागले आणि बरोबरच्या मंडळींनाही तो घ्यावा लागला. छत्रपतींनी घेतलेला चहा नाकारणार कोण? हळूहळू इतर लोकही तेथे येऊ लागले.

या प्रसंगाचे मर्म सामान्यतः राजाच्या उदारतेत शोधले जाते. ते तेथे नाही. १९५० मध्ये अंमलात आलेल्या भारतीय संविधानाच्या पंधराव्या अनुच्छेदाने दुकाने, उपाहारगृहे व हॉटेले यांत जातीच्या कारणावरून प्रवेश नाकारण्यास मज्जाव केला. १९५५ च्या अस्पृश्यता (अपराध) अधिनियमाने असा नकार हा शिक्षापात्र गुन्हा ठरविला. हे दोन्ही उपाय गिऱ्हाइकाच्या हक्काचे रक्षण करतात. हॉटेलवाल्याने कोणास हाकलून देता कामा नये, असे ते सांगतात. गंगाराम कांबळे यांची अडचण याच्या उलट होती. त्यांना कोणत्याही हॉटेलात प्रवेश नको होता. त्यांच्या हॉटेलात इतरांनी प्रवेश करावा, हे हवे होते. विकणाऱ्याला कायदा बांधून घेऊ शकतो. विकत घेणाऱ्याला बांधू शकत नाही. दलिताच्या हातचा चहा प्या, असा हुकूम कोणत्याही न्यायालयाला काढता येणार नाही. शाहू महाराजांनीही तसा हुकूम काढला नाही. ते स्वतः गिऱ्हाईक झाले. कायद्याचे क्षेत्र जेथे संपते तेथे त्यांनी आपल्या राजपदाची प्रतिष्ठा खर्ची घातली.

रोटीव्यवहाराचे यावरून दोन स्वतंत्र भाग पडतात. कोणाबरोबर बसून खावे हा एक; कोणाच्या हातचे खावे हा दुसरा. जुन्या आचारधर्मात दुसऱ्या भागाला अधिक वजन होते. आचारी ब्राह्मण असला म्हणजे बहुतेकांची अडचण मिटे. खाणावळीच्या पाटीवर जातीचा उल्लेख असे तो याच कारणाने. बाकांवरील भेद नाहीसा झाल्यावरही चुलीपाशी तो टिकून राहू शकतो, ही गोष्ट संशोधकाने विसरू नये. रत्नागिरीस स्थानबद्ध असताना स्वातंत्र्यवीर सावरकरांनी १ मे १९३३ रोजी अखिल हिंदू उपाहारगृह सुरू केले. सहभोजनाच्या चळवळीला तेव्हा रोजच्या व्यवहारात कायमची जागा मिळाली. परंतु असे स्वतंत्र उपाहारगृह काढावे लागले, हेच इतर उपाहारगृहांच्या त्या वेळच्या स्थितीचे प्रमाण आहे.

३

बेटीव्यवहाराच्या बाबतीतही शाहू महाराजांनी राजघराण्याची प्रतिष्ठा पणाला लावली. त्यांच्या नात्यातील, कागलकर घाटगे घराण्यातील कन्येचा विवाह इंदूरचे युवराज यशवंतराव होळकर यांच्याशी व्हावा, असे त्यांच्या हयातीत ठरले. प्रत्यक्ष विवाह त्यांच्या निधनानंतर, १९२४ मध्ये झाला. एक घराणे मराठा, दुसरे धनगर. वैभव व पराक्रम यांत होळकर कोणाहून उणे नव्हते. तरीही दोन जातींच्या राजघराण्यांत सोयरीक होणे ही रूढीच्या दृष्टीने असाधारण गोष्ट होती. या संबंधापाठोपाठ दोन्ही समाजांत आणखी विवाह व्हावेत, अशी महाराजांची योजना होती.

त्या विवाहाचे महत्त्व पुरतेपणी समजण्यासाठी त्यानंतर चारच वर्षांनी झालेल्या दुसऱ्या एका विवाहाशी त्याची तुलना करावी. यशवंतरावांचे वडील तुकोजीराव होळकर यांनी १९२६ मध्ये गादी सोडली आणि १९२८ मध्ये नॅन्सी अ‍ॅन मिलर या अमेरिकन स्त्रीशी विवाह केला. त्यापूर्वी नाशिक येथे शंकराचार्य डॉ. कुर्तकोटी यांच्या उपस्थितीत तिला हिंदू धर्माची दीक्षा देण्यात आली व शर्मिष्ठा हे नाव ठेवण्यात आले. एवढ्याने भागले नाही. धनगर समाजात तिला दत्तक घेऊन सामावून घेण्यात आले. म्हणजे सातासमुद्रांपलीकडून आलेल्या वधूलाही प्रथम एका जातीत जन्म घ्यावा लागला. नियम मोडला नाही. वधूला नियमात बसविले गेले. १९२४ च्या विवाहात तसे झाले नाही. वधू मराठा घराण्यातील आणि वर धनगर घराण्यातील, हे उघडपणे मान्य करूनच तो संबंध जोडला गेला. वैचित्र्याच्या दृष्टीने पाहणाऱ्याला १९२८ चा विवाह अधिक क्रांतिकारक वाटेल. इतिहासाच्या दृष्टीने १९२४ चाच अधिक क्रांतिकारक ठरतो.

हैदराबाद संस्थानातील राजविवाहाचा हेतू निराळा होता. १२ नोव्हेंबर १९३१ रोजी फ्रान्समधील नीस येथे मीर उस्मान अलीखान यांचे दोन पुत्र, आझमजाह व मोअज्जमजाह, यांचे विवाह तुर्कस्तानच्या पदच्युत उस्मानी घराण्यातील दुरुशेवार व निलोफर या राजकन्यांशी झाले. दुरुशेवार ही शेवटचा खलीफा अब्दुल मजीद याची कन्या. खलीफाच्या घराण्याची प्रतिष्ठा आसफजाही घराण्याशी जोडणे, हा या संबंधाचा राजकीय अर्थ होता. परभणी तेव्हा याच संस्थानाचा एक जिल्हा होता. परंतु या विवाहाने प्रजेतील कोणत्याही दोन घरांमधील अंतर कमी झाले नाही, आणि तसा उद्देशही नव्हता. राजविवाह हा स्वतः पुरोगामीही नसतो व प्रतिगामीही नसतो. त्याने कोणती भिंत ओलांडली आणि ती ओलांडण्याची मुभा इतरांना मिळाली काय, हे पाहावे लागते.

४

डॉ. आंबेडकरांनी १९३६ मध्ये जातिनिर्मूलनाविषयीच्या आपल्या अलिखित राहिलेल्या नव्हे, तर लिहून छापलेल्या पण व्यासपीठावरून देता न आलेल्या भाषणात असे प्रतिपादन केले की, सहभोजनाने जातिभावना नष्ट होत नाही. मिश्रविवाह हाच खरा उपाय होय. पुढील काळाचा अनुभव पाहता हे प्रतिपादन यथार्थ ठरते. पंधरा मिनिटांच्या चहात अपरिचित माणसे एका बाकावर बसतात व उठून जातात. त्यांच्यात कोणताही संबंध उरत नाही. विवाहाने मात्र वारसा, नातीगोती आणि घरातील चूल यांचा प्रश्न उभा राहतो. १९४९ च्या हिंदू विवाह वैधता अधिनियमाने भिन्न जातींतील विवाह वैध ठरविले, १९५४ च्या विशेष विवाह अधिनियमाने नोंदणीचा मार्ग मोकळा केला. कायद्याने दार उघडले. पण दाराबाहेर पाऊल टाकणे हे ज्याचे त्याच्यावर राहिले. या दृष्टीने गंगाराम कांबळे यांचे हॉटेल हे बेटीव्यवहाराच्याच अधिक जवळ जाते. दोन्हीकडे प्रश्न परवानगीचा नसून स्वीकाराचा आहे.

परभणी जिल्ह्यात या विषयाची साधने विपुल आहेत. घरोघरी जपलेल्या आहेराच्या वह्या, जुन्या लग्नपत्रिका, आचाऱ्यांचे हिशेब, हॉटेलांच्या परवान्यांच्या नगरपालिकांतील नोंदी आणि वृद्ध हॉटेलचालकांच्या आठवणी यांचा पद्धतशीर संग्रह करता येईल. १ मे १९९९ रोजी हिंगोली जिल्हा वेगळा झाला. त्यामुळे त्यापूर्वीच्या नोंदींसाठी दोन्ही जिल्ह्यांची दप्तरे पाहावी लागतील. प्रश्न विचारताना मात्र सावधगिरी हवी. हॉटेलात सर्वांना प्रवेश होता काय, एवढे विचारून थांबू नये. मालक कोण होता, चुलीपाशी कोण होते, आणि त्यांची जात ठाऊक असताना गिऱ्हाईक येत होते काय, हे विचारावे. लग्नाच्या बाबतीत पंगतीला कोण होते एवढेच न पाहता स्वयंपाक कोणी केला, हेही पाहावे.

असा अभ्यास करण्यास सर्वांत योग्य व्यक्ती म्हणजे तो विद्यार्थीच, ज्याला गावातील प्रत्येक हॉटेल ठाऊक असते. त्याचे कुतूहल दडपून त्याला सनावळ्यांकडे वळविण्यापेक्षा, त्याच्या कुतूहलाला प्रश्नांची शिस्त लावणे हे अध्यापकाचे काम होय.